किंग ऑफ फायटर्स ९७ घरच्या कन्सोलवर : कोणती आवृत्ती घ्यावी आणि हात का बसत नाही?

गोदातीर (नांदेड)

नमस्कार मंडळी. प्लेस्टेशन ५ वर 'द किंग ऑफ फायटर्स ९७' हा जुना मारामारीचा खेळ घ्यायचा आहे. स्टोअरवर तो दोन नावांनी दिसतो. एक 'एसीए निओजिओ' आणि दुसरा 'ग्लोबल मॅच'. दिवाळीत धाकटा भाऊ पुण्याहून येतोय. आम्हा दोघांना शेजारी बसून खेळायचं आहे. ऑनलाइन वगैरे नंतरचं.

खरा प्रश्न वेगळाच आहे. मित्राकडं मोठ्या टीव्हीवर हा खेळून बघितला. चित्रं तीच, संगीत तेच, इओरी नावाच्या पात्राचं ते हसणंही तेच. पण त्याची आग सुटत नाही. उडी मारायला सांगितलं की जरा थांबून मारतो. समोरचा अंगावर येतो तेव्हा बटण दाबलेलं असतं, तरी मार आपणच खातो. भावालाही त्याच्याकडं असंच जाणवलं. वजिराबादेत व्हिडिओ गेम पार्लरच्या पेटीवर एका रुपयाच्या कॉईनमध्ये आम्ही ओरोचीपर्यंत, म्हणजे शेवटच्या शत्रूपर्यंत जायचो, तेव्हा हा त्रास कधीच नव्हता. खेळ बदललाय की आणखी काही? जाणकारांनी नीट सांगावं.

गंजगोलाई (लातूर)

खेळ बदललेला नाही, हे आधी सांगतो. दोन्ही आवृत्त्यांत एसएनके कंपनीचा १९९७ चाच खेळ चालतो. पात्रांचा वेग, फटक्यांची ताकद, संगणकाचं डोकं, सगळं तेच.

'एसीए' ही हॅम्स्टर नावाच्या जपानी कंपनीची मालिका आहे. पार्लरमधली एसएनकेची निओजिओ पेटी जशी होती तशी घरात आणायची, एवढंच तिचं काम. अवघडपणाची पातळी बदलता येते, पडद्यावर जुन्या टीव्हीसारख्या आडव्या रेघा आणता येतात, मध्येच थांबून खेळ जतन करता येतो. गुणांची जागतिक यादी असते, पाच मिनिटांत किती गुण होतात ते बघायचा वेगळा प्रकार असतो. पण समोरासमोरचा सामना फक्त एका घरात, दोन कंट्रोलरवर. 'ग्लोबल मॅच' २०१८ मध्ये आला, कोड मिस्टिक्स या कंपनीनं केला. त्यात इंटरनेटवरून दुसऱ्याशी लढता येतं. दोन्ही प्लेस्टेशन ४ चे आहेत आणि ५ वर चालतात. तुमचं काम शेजारी बसून खेळायचं आहे, तर एसीए पुरेसा आहे आणि स्वस्तही पडतो.

आणि एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. प्लेस्टेशन ४ चा खेळ ५ वर लावला तर ४ चा जुना कंट्रोलर चालतो. घरात पडलेला असेल तर दुसरा नवा घेऊ नका, ते पैसे वाचवा.

माझे मामा गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत पार्लर चालवायचे. शाळा सुटली की मी तिथंच. निओजिओच्या पेटीत एका बोर्डावर खेळांच्या कॅसेट बसायच्या. काही बोर्डांवर एक, काहींवर दोन किंवा चार. खेळ जुना झाला की आख्खी पेटी बदलायची गरज नाही, कॅसेट बदलली की झालं. छोट्या गावातल्या माणसाला ते परवडायचं. निओजिओ चालायचं दुसरं कारण बटणांचं. त्या काळच्या पेट्यांची वायरिंग जामा नावाच्या ठरलेल्या पद्धतीनं असायची आणि तिच्यात एका खेळाडूला तीन बटणं धरलेली होती. स्ट्रीट फायटर २ ला सहा लागायची, म्हणून लाथांच्या तीन बटणांसाठी वेगळी वायर ओढावी लागे. निओजिओचं चौथं बटण त्याच जोडणीतल्या मोकळ्या पिनेवर यायचं. आमच्याकडं सहा बटणांची पेटी होती, पण तिचं एक ना एक बटण कायम मेलेलं. त्यामुळं पोरं किंग ऑफ फायटर्सकडंच वळायची.

रंगही आठवत असतील. ए लाल, बी पिवळं, सी हिरवं, डी निळं. हलका ठोसा, हलकी लाथ, जोराचा ठोसा, जोराची लाथ. कंट्रोलरवर चौकोन, फुली, त्रिकोण, गोल अशी हीच जुळणी करून घ्या. ठोसे डावीकडं-वर आणि लाथा खाली-उजवीकडं आल्या की बोटं लवकर सरावतात. ए-बी एकत्र दाबून लोळायचं आणि सी-डी एकत्र दाबून उडवायचं, ते खांद्यावरच्या बटणांना द्या.

बालाघाट (अंबाजोगाई)

गंजगोलाईंनी खेळाचं सांगितलं, मी पडद्याचं सांगतो. टीव्ही दुरुस्तीत माझं आयुष्य गेलंय. गोदातीर, तुमचा नव्वद टक्के त्रास टीव्हीचा आहे.

पार्लरमधल्या पेटीत काचेची नळी होती. बोर्डातून सिग्नल निघाला की तो त्याच क्षणी वरून खाली ओळी काढत पडद्यावर उमटायचा. मध्ये कुठं साठवणं नाही, सुधारणं नाही. आताचा एलईडी टीव्ही काय करतो? आलेलं चित्र आधी साठवतो. ते मोठं करतो, रंग चढवतो, कडा धारदार करतो, दोन चित्रांच्या मध्ये स्वतःचं तिसरं चित्र घालून हालचाल गुळगुळीत करतो. मगच दाखवतो. मालिका बघणाऱ्याला त्यानं काही फरक पडत नाही. लढाईच्या खेळात पडतो.

निओजिओ सेकंदाला ५९.१८ चित्रं काढतो. म्हणजे एक चित्र साधारण १७ मिलिसेकंदांचं. सगळ्या सुधारणा चालू ठेवलेला टीव्ही सहज ७०-८० मिलिसेकंद उशीर लावतो, काही तर शंभराच्याही पुढं जातात. म्हणजे समोरच्यानं लाथ उचलली ती तुम्हाला चार-पाच चित्रं उशिरा दिसते. हलका ठोसा तेवढ्या वेळात लागून मोकळा होतो. तुम्ही बरोबर वेळी बटण दाबताय, पण जे बघून दाबताय ते आधीच होऊन गेलेलं आहे.

उपाय फुकट आहे. टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असतो, तो लावा. नव्या टीव्हीत कन्सोल चालू झाला की तो आपोआप लागायची सोयही असते, पण ती चालू आहे की नाही ते स्वतः बघा. पुष्कळ टीव्हींत गेम मोड प्रत्येक एचडीएमआय जागेसाठी वेगळा लावावा लागतो. केबल दुसऱ्या जागेत घातली की सेटिंग गेलंच. हालचाल गुळगुळीत करणारं जे काही असेल ते बंद करा. आणि आवाज जर ब्लूटूथच्या साउंडबारवर असेल तर तोही काढा. फटक्याचा आवाज उशिरा आला की हाताचा ताल चुकतो.

चित्र पूर्ण पडदाभर ताणू नका. मूळ चित्र ३२० बाय २२४ ठिपक्यांचं आणि ४:३ आकाराचं. रुंद करून ताणलं की राल्फ आणि चँग ही दोन्ही पात्रं आडवी दिसतात. शिवाय अंतराचा अंदाज जातो, आणि या खेळात अंतर हेच अर्धं कौशल्य आहे. बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. १०८० ओळींत २२४ चा पूर्ण पट फक्त चारदा बसतो, ८९६ होतात. म्हणून वर-खालीसुद्धा थोडी काळी जागा ठेवली तर ठिपके सारखे, स्वच्छ दिसतात.

हिंगोलीकर

वा बालाघाट काका, आज संध्याकाळीच लावून बघतो. जरा विषयांतर करतो. मुस्तफा येईल का हो कन्सोलवर? आमच्याकडं पोरं किंगच्या आधी मुस्तफावरच तुटून पडायची.

गंजगोलाई (लातूर)

हिंगोलीकर भाऊ, मुस्तफा म्हणजे कॅपकॉम कंपनीचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. तो मुळात एका अमेरिकी कॉमिकवर बेतलेला आहे. परवान्याचे हक्क दुसऱ्यांचे, त्यामुळं पार्लर सोडून तो घरच्या कुठल्याच कन्सोलवर अधिकृतपणे आला नाही. कॅपकॉमनं जुन्या खेळांचे इतके संच काढले, त्यांतही तो नाही. आला तर मी पहिल्या दिवशी घेईन.

पैठणगेट (छत्रपती संभाजीनगर)

आता हाताचं बोलू. टीव्ही नीट झाला तरी आग लगेच सुटेलच असं नाही, कारण पेटीचं हँडल आणि कंट्रोलरची दिशेची चकती ही दोन वेगळी कामं आहेत. हँडलला मनगट लागायचं, इथं सगळं अंगठ्यावर आहे.

इओरीची जमिनीवरून जाणारी जांभळी आग म्हणजे खाली, पुढं-खाली तिरपं, पुढं आणि ठोसा. आपण अंगठा खालून पुढं उचलून टाकतो आणि मधला तिरपा राहून जातो. खेळाला 'खाली' आणि 'पुढं' मिळतं, तिरपं मिळत नाही, मग आग कुठून येणार? अंगठा उचलायचाच नाही, चकतीवर लोळवायचा. आणि ठोसा 'पुढं' पोचल्यावर, आधी नाही. दुसरा कंट्रोलर जोडा, समोरचा खेळाडू नुसता उभा ठेवा आणि आधी हळू करा. हळू करूनही खेळ मान्य करतो, वेग नंतर वाढवता येतो. दोन्ही बाजूंनी करा. आपल्यापैकी पुष्कळ जण पहिल्या खेळाडूच्या डाव्या जागेवरूनच शिकले, दुसरीकडं तोंड झालं की हात गोंधळतो.

ती आग जमली की इओरीचे सलग तीन फटके घ्या. खाली, मागं-खाली, मागं आणि ठोसा, हेच तीनदा. तीनही वेळा घाई करायची नाही, पहिला लागलेला बघून दुसरा द्यायचा. पहिला अडवला गेला तर तिथंच थांबायचं, नाहीतर समोरच्याला फुकटची संधी मिळते. झडप घालून ओरबाडायचा त्याचा मोठा वार आहे तो खाली-तिरपं-पुढं करून तिथूनच अर्धवर्तुळानं परत मागं येऊन ठोसा. त्याला ऊर्जेचा एक साठा लागतो. हा मोकळ्यात मारू नका. समोरच्यानं दुरून आग सोडली किंवा उडी चुकवली की मगच.

या खेळातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र आग नाही. ती उडी आहे. चार तऱ्हेच्या उड्या आहेत. 'वर' धरून ठेवलं की साधी उडी. 'वर'ला नुसतं शिवून सोडलं की बुटकी उडी. आधी 'खाली' करून मग वर-पुढं गेलं की लांब उडी. आणि 'खाली' करून वर-पुढं नुसतं शिवलं की बुटकी पण लांब. बुटक्या उडीनं अंगावर जाऊन हवेतच लाथ घालणं हे ९७ चं खरं खाद्य आहे. समोरच्याला वर बघून अडवायला वेळच मिळत नाही. बालाघाट काकांनी सांगितलेला टीव्हीचा उशीर इथंच सगळ्यात जास्त नडतो, कारण ही उडी बघून उत्तर द्यायला हातात फार थोडी चित्रं असतात.

हँडलच हवं असेल तर आर्केड स्टिक मिळतात. प्लेस्टेशन ४ साठीची स्टिक घेतली तरी या खेळाला ५ वर चालते. जपानी सान्वा कंपनीचं हँडल हलकं आणि गोल गोळ्याचं असतं. आपल्या पार्लरमधली हँडलं यापेक्षा कितीतरी कडक होती, त्यामुळं सुरुवातीला हात भरकटतो, मग बसतो. पण स्टिकवाचून खेळ अडत नाही. मी स्वतः कंट्रोलरवर खेळतो. तो केबलनं जोडून सेटिंगमध्ये संवाद यूएसबीवर करून घ्या. लग्नघरात किंवा गजबजलेल्या इमारतीत दहा ब्लूटूथ यंत्रं असतात, तिथं केबलचा भरवसा वाटतो.

दुधनाकाठ (सेलू)

सगळ्यांचे प्रतिसाद मन लावून वाचले. मला थोडं वेगळं म्हणायचं आहे.

इथं सगळ्यांना पार्लर परत हवं आहे. मला नको. आमच्या गावात बसस्टँडजवळ पार्लर होतं आणि माझे दोन्ही भाऊ तिथं पडीक असायचे. त्यांना घरी बोलवायला मला पाठवायचे. मी दारातून हाका मारायची. आत जायचं नाही हे कोणी सांगायची गरज नव्हती. मुलीनं त्या दुकानात पाय ठेवला असता तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. त्या दारातून मला पेटीचा फक्त वरचा भाग दिसायचा आणि पोरांच्या पाठी. लाल कपड्यातली पंखा फेकणारी एक मुलगी लढते एवढं मला माहीत होतं. तिचं नाव माई शिरानुई, हे मला लग्नानंतर कळलं.

आता हा खेळ माझ्या बैठकीत आहे. दुपारी कामं आटोपली की मी आणि माझी लेक खेळतो. चिझुरु, माई आणि किंग असा बायकांचा आख्खा संघ आहे ९७ मध्ये, आणि चिझुरु किती जबरदस्त आहे ते पैठणगेट सांगतीलच. मी हरले की परत सुरू करते. एसीएमध्ये पातळी कमी करून शिकले, मग वाढवत नेली. मागं रांगेत उभं राहून 'उठ आता' म्हणणारं कोणी नाही. पार्लरमध्ये पोरं वर्षानुवर्षं कॉईन घालून जे शिकली ते मला घरात शिकता आलं. म्हणून कन्सोलवर ती मजा नाही असं कोणी म्हणालं की मला ते पटत नाही. काही जणांना मजा पहिल्यांदा इथंच मिळाली.

पैठणगेट (छत्रपती संभाजीनगर)

दुधनाकाठ ताई, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात चांगला आहे. चिझुरु आणि इओरी ही ९७ मधली सगळ्यात भारी पात्रं मानली जातात, आणि चिझुरु शिकायला इओरीपेक्षा अवघड. तुम्ही ती खेळताय म्हणजे हात तयार आहे.

गंजगोलाई (लातूर)

ताई, पटलं. मामांच्या पार्लरमध्येही एकही मुलगी कधी आली नाही, हे तुम्ही लिहिल्यावर नीट दिसलं. पातळीबद्दल सांगतो. पार्लरवाले ती वर सरकवून ठेवायचे. एक ते आठ पातळ्या असतात, मामा आठवर ठेवायचे, कारण पोरगं लवकर हरलं की दुसरा कॉईन पडतो. तो धंद्याचा हिशोब होता. आपल्याला घरात तो पाळायचं काहीच कारण नाही. पातळी कमी करून शिकणं म्हणजे फसवणूक असं कोणी म्हणत असेल तर त्यानं मामांचं गल्ल्याचं गणित बघायला हवं होतं.

मला पार्लरमधली एकच गोष्ट घरात हवी वाटते. हरेल तो उठेल. चार जण जमले की कंट्रोलर हरणाऱ्यानं सोडायचा, जिंकणारा बसलेला राहील. मग बघणाराही खेळात असतो, समोरच्याच्या सवयी टिपत असतो. दिवाळीत चुलत-मावस भावंडं जमली की आम्ही असंच करतो. आता ताईंचं वाचून बहिणींनाही बसवणार. त्या आजवर फराळाचं बघत असायच्या, त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

गोदातीर (नांदेड)

बालाघाट काका, गेम मोड लावला. माझ्याकडं तो दुसऱ्या एचडीएमआय जागेवर लागलेला आणि कन्सोल पहिल्या जागेवर, अगदी तुम्ही लिहिलं तसं. फरक इतका आहे की बायकोनं नुसतं बघून ओळखला. बुटकी उडी लागायला लागली. आग अजून दोनात एकदा सुटते, पण आता चूक कुठं होतेय ते कळतं. एसीए घेतला.

आता दुसरं. दिवाळीनंतर भाऊ पुण्याला परत जाईल. मग नांदेड-पुणे ऑनलाइन खेळायचं तर ग्लोबल मॅच घ्यावा का?

पैठणगेट (छत्रपती संभाजीनगर)

घेता येईल, पण आधी एक समजून घ्या. लांबून खेळताना समोरच्याच्या बटणाची बातमी यायला वेळ लागतो. एक पद्धत अशी की ती येईपर्यंत दोघांचाही खेळ थोडा रोखून धरायचा. लाइन खराब झाली की खेळ जड होतो. दुसरी पद्धत रोलबॅक. तिच्यात खेळ थांबत नाही. समोरच्यानं आधीचंच बटण धरलं असेल असं गृहीत धरून पुढं चालतो, आणि अंदाज चुकला तर दोन-तीन चित्रं मागं जाऊन दुरुस्त करतो. हाताला जवळजवळ घरातल्यासारखं लागतं.

ऑनलाइनच मुख्य असेल तर 'किंग ऑफ फायटर्स ९८ अल्टिमेट मॅच फायनल एडिशन' बघा. प्लेस्टेशन ४ वर तो २०२२ मध्ये रोलबॅकसह आला. ९८ मध्ये कथा नाही, नुसत्या लढती आहेत, पण ओरोचीच्या कथेतली मंडळी त्यातही भेटतात. ९५, ९६, ९७ अशी तीन वर्षं चाललेली ती कथा मात्र ९७ मध्येच संपते, म्हणून एकट्यानं खेळायला माझं मन ९७ कडंच जातं. शेवटाकडं भान हरपलेला इओरी किंवा लिओना समोर येते, तेव्हा आजही अंग ताठ होतं.

लाइनचं म्हणाल तर कन्सोलला वायफायऐवजी लॅनची वायर लावा. आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्या. आपल्याकडं उन्हाळ्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि राउटर सुरू व्हायला दोन मिनिटं घेतो.

बालाघाट (अंबाजोगाई)

कन्सोल मात्र साध्या इन्व्हर्टरवर टाकण्याआधी त्याची क्षमता बघून घ्या. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर जाईपर्यंत जो क्षणभर खंड पडतो, तेवढ्यात कन्सोल बंद होऊ शकतो. संगणकाचा यूपीएस असेल तर तो बरा.

दुधनाकाठ (सेलू)

एक शेवटचं विचारते. सुरुवातीला 'ॲडव्हान्स्ड' आणि 'एक्स्ट्रा' असं निवडायला येतं. लेक दहा वर्षांची आहे, मी तिला ॲडव्हान्स्ड देते. तिच्या वर्गातला मुलगा म्हणतो एक्स्ट्रा सोपा. कोणता द्यावा?

पैठणगेट (छत्रपती संभाजीनगर)

ॲडव्हान्स्डच ठेवा ताई. त्यात पुढं दोनदा दाबलं की धावता येतं, ए-बी दाबून लोळता येतं, आणि मारता-मारता ऊर्जेचे साठे आपोआप जमतात, तीनपर्यंत. एक्स्ट्रामध्ये धावण्याऐवजी छोटी उडी आहे, लोळण्याऐवजी जागेवर बाजूला सरकणं आहे, आणि ऊर्जा ए-बी-सी धरून स्वतः भरावी लागते. भरताना माणूस उघडा पडतो. जीव लाल होऊन लुकलुकायला लागला की एक्स्ट्रावाला मोठे वार हवे तितके करू शकतो, म्हणून तो मुलगा सोपा म्हणत असेल. त्याच्याशी खेळताना लेकीला एवढंच सांगा की तो ऊर्जा भरायला उभा राहिला की लगेच धावत जाऊन गाठायचा, आणि त्याचा जीव लुकलुकायला लागला की दुरून उड्या मारायच्या नाहीत. खाली बसून अडवायचं, आणि त्याचा मोठा वार चुकला की माईचा पंखा सोडायचा.